एकाच घरात राहून नवरा-बायको वेगळे : कायद्यात बसतं का, आणि रोजचं कसं निभावायचं?

कळंबारोड

नमस्कार. बरीच वर्षं इथं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. आयडी नवीन घेतलाय, समजून घ्या. कोल्हापुरात दोन माणसांआड तिसरा ओळखीचा निघतो.

मी एका पतसंस्थेत नोकरीला आहे, नवरा शिरोलीत फौंड्रीत सुपरवायझर. कळंब्याच्या बाजूला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, दोघांच्या नावावर. कर्जही दोघांच्या नावावर. मुलगी यंदा दहावीला. सासूबाई आमच्याकडेच असतात, वय ७४. मारहाण नाही, दारू नाही, बाहेरचं कुणाचं काही नाही. आमचं जमत नाही एवढंच, आणि ते दोघांनाही इतकं मान्य आहे की त्यावरून आता भांडणसुद्धा होत नाही. मागच्या दिवाळीनंतर शांतपणे बसून बोललो आणि वेगळं व्हायचं ठरवलं. तेव्हापासून तो हॉलमध्ये झोपतो.

पण वेगळं होऊन जायचं कुठं? घराचा हप्ता १९,०००. मुलीचे क्लास, सासूबाईंची औषधं, किराणा यातच दोन्ही पगार संपतात. दुसऱ्या घराचं डिपॉझिट आणि भाडं त्यात बसत नाही. म्हणून मुलीची परीक्षा होईपर्यंत इथंच राहायचं असं ठरलंय.

विचारायचं ते असं. संमतीच्या घटस्फोटाला आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं म्हणतात. ओळखीच्या एका वकिलांनी सांगितलं की दोघांचा पत्ता एक असला तर अर्ज टिकणार नाही, तुम्ही माहेरचा पत्ता टाका. खरं आहे का हे? आणि दुसरं, जे असे राहिलेत त्यांनी रोजचं कसं निभावलं? स्वयंपाक, पैसे, पाहुणे, सणवार. सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. हॉलमध्ये वारं चांगलं येतं म्हणून तो तिथं झोपतो अशी त्यांची समजूत आहे.

रंकाळ्याचा_कठडा

ताई, मारहाण नाही असं लिहिलंय, तरी विचारतो. धमक्या, मोबाईल तपासणं, पगार काढून घेणं, बाहेर काढीन म्हणणं, असलं काही? असेल तर कायद्याची बाकी चर्चा नंतर, आधी १८१ ला, म्हणजे महिला हेल्पलाइनला, फोन करा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा पैशाची कोंडी आणि मानसिक छळही मोजतो. घर कुणाच्याही नावावर असो, राहत्या घरातून बाईला असं मनाला येईल तेव्हा काढता येत नाही.

कळंबारोड

नाही हो, तसलं काही नाही. पगार झाला की माझ्याआधी त्याचा हिस्सा कर्जखात्यात पडलेला असतो. विचारलंत ते बरं केलंत.

काळाकोट

वकिली करतो, म्हणून आधी पत्त्याचं सांगतो. माहेरचा पत्ता टाकू नका. तुम्ही तिथं राहत नाही आणि अर्जावर शपथेवर सही करणार आहात. उद्या दोघांपैकी एकाचं मन फिरलं तर पहिला बाहेर निघेल तो हाच खोटा पत्ता. शिवाय त्याची गरजच नाही.

हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १३ ब. (यात जैन, बौद्ध, शीखही आले. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीनं लग्न झालं असेल तर १९५४ च्या त्या कायद्याचं कलम २८ बघायचं, मुद्दा तोच.) अर्जाच्या लगेच आधी किमान एक वर्ष दोघं वेगळे राहत असावेत, एकत्र नांदणं जमलेलं नसावं आणि लग्न मोडायला दोघांची संमती असावी. आता वेगळे राहणं म्हणजे काय? सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये सुरेष्टा देवी विरुद्ध ओम प्रकाश या खटल्यात सांगितलंय की हा राहत्या जागेचा प्रश्न नाही. परिस्थितीमुळं एकाच छपराखाली राहणारे दोघं नवरा-बायको म्हणून नांदत नसतील, आणि दोन घरांत राहणारे नांदत असतील. दुसऱ्या प्रकारची तर आपल्या जिल्ह्यात घरंच्या घरं आहेत, चंदगड-गडहिंग्लजकडची फौजी कुटुंबं बघा.

त्यामुळं अर्जात सरळ खरं लिहायचं. अमुक तारखेपासून आम्ही पती-पत्नी म्हणून राहत नाही. कर्ज, मुलीची दहावी आणि आईंचं वय यामुळं घर एकच आहे. न्यायाधीश यावर विचारणार, विचारायलाच पाहिजे. दोघांचं उत्तर एकसारखं आलं की अडत नाही. मात्र तारीख नक्की हवी. "दिवाळीच्या सुमारास" चालत नाही. त्या दिवसांतले एकमेकांचे मेसेज असतील तर जपा. नसतील तर आज एकमेकांना साधा ईमेल करा की त्या दिवसापासून आपण असं राहतोय. मागची तारीख घालून कागद मात्र बनवू नका.

पुढचा हिशेब. पहिला अर्ज दिल्यावर दुसऱ्या टप्प्यासाठी किमान सहा महिने थांबावं लागतं आणि अठरा महिन्यांच्या आत यावं लागतं. हे सहा महिने माफ होऊ शकतात, अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर, २०१७. पण त्यासाठी न्यायालय बघतं की अर्जाच्या आधीच दीड वर्ष वेगळेपण झालंय का, समेटाचे प्रयत्न खरोखर फसलेत का, आणि पोटगी, मूल, मालमत्ता सगळं मिटलंय का. तुमची दिवाळी धरली तर मुलीची परीक्षा संपून सुट्टी लागते तेव्हा दीड वर्ष भरतं. म्हणजे तिच्यासाठी थांबताय त्यात कायद्यानंही तुमचं काही जात नाही.

मध्येच पुन्हा नवरा-बायको म्हणून नांदायला लागलात तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. आणि निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागं घेऊ शकतं, हेही त्याच १९९१ च्या निकालात आहे.

तिखट_कट

एवढं सगळं करण्यापेक्षा पाचगावात एक खोली बघा की भावांनो. एका घरात राहायचं आणि वेगळं म्हणायचं, हे कुठलं नवीन? आमच्या वळखीतल्या एकानं पाचशेच्या स्टँपवर सोडचिठ्ठी लिवली, नोटरी केली, दुपारी मिसळ खायला मोकळा.

काळाकोट

मोकळा झालो असं त्याला वाटतंय. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न नोटरीनं मोडत नाही. काही समाजांत काडीमोडीची रूढी आहे आणि कलम २९ नं ती राखून ठेवलीय, पण ती रूढी खरंच जुनी आणि चालू आहे हे न्यायालयात सिद्ध करायला लागतं. ते न करता त्यानं दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा, त्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ८२ आहे. मिसळ सावकाश खा म्हणावं.

कळंबारोड

@तिखट_कट, खोली बघितली. खोली मिळेल, पण त्यात एकटा माणूस मावतो. मुलगी महिन्यातले काही दिवस वडिलांकडं राहणार असेल तर तिला अभ्यासाला टेबल कुठं ठेवायचं? आणि एक पगार हप्त्यात, एक भाड्यात गेला तर सासूबाईंची औषधं कशातनं आणायची?

तिखट_कट

बरं बरं. पैशाचं असं असलं तर बोलणं संपलं. पण सासूला सांगा लवकर. म्हाताऱ्या माणसाला बाहेरनं कळलं की लई लागतं.

मंगळवारातली

मी असं राहिलेय. मंगळवार पेठेत, जुन्या घरात, खाली दीर, वर आम्ही. आता वेगळी राहते, म्हणून लिहू शकते.

सगळे झोपण्याच्या खोलीचं विचारतात. तो प्रश्न पहिल्याच आठवड्यात सुटतो. सुटत नाही ते स्वयंपाकघर. तुम्ही चपात्या लाटताय, तो कामावरनं आलाय, भुकेला आहे. चार जास्त लाटायला काय जातंय? काहीच जात नाही. म्हणून लाटता. मग ताट वाढता. मग आमटी आळणी झाली म्हणतो, त्यावर तुम्ही तोंड वाकडं करता, आणि दोघंही होतात तिथंच परत. वेगळं व्हायचं ठरवूनही माझा सगळा राग कणकेत जात होता. बाहेरनं बघणाऱ्याला वाटायचं, केवढी समजूतदार बाई.

शेवटी मी सांगितलं की सकाळचा स्वयंपाक माझा, रात्रीचा तुझा. मुलांना दोघांच्या हातचं खायचंय, पण एकमेकांसाठी आपण रांधायचं नाही. आपापलं ताट आपण घ्यायचं, आपण धुवायचं. त्याला भात-आमटीपलीकडं काही येत नव्हतं, महिनाभर मुलं भात-आमटी खाऊन वैतागली. मग शिकला. आता त्याच्या नव्या घरी पोरं आवडीनं जेवतात.

कपडे वेगळे धुवायचे. त्याच्या शर्टाची बटणं लावायची नाहीत. आजारी पडला तर औषध आणून द्यायचं, शेजाऱ्याला दिलं असतं तसं. उशाशी बसून राहायचं नाही. हे लिहिताना कठोर वाटतंय, पण जवळीक आणि राग दोन्ही याच वाटेनं परत येतात. मला दोन्ही नको होतं.

पाहुण्यांचं म्हणाल तर दर वेळी नाटक करू नका. सख्ख्यांना खरं सांगा, बाकीच्यांना काही सांगायचं कारण नाही. आमच्याकडं नणंद आली की मी दिवसभर हसत बसायचे आणि ती गेल्यावर डोकं धरून झोपायचे. ज्या दिवशी तिला सांगितलं, त्या दिवशी ती रडली, मग म्हणाली, "मला वाटलंच होतं." सगळ्यांना वाटतच असतं.

रंकाळ्याचा_कठडा

+१. रात्रीचा स्वयंपाक त्यानं करायचा, हे तर लग्न मोडलेलं नसलं तरी करायला हरकत नाही.

हॉलमधला

पुरुषाच्या बाजूनं लिहितो. मी हॉलमध्ये झोपणारा होतो.

हॉलला दार नसतं. तुम्ही तिथं झोपता म्हणजे सगळे झोपल्यावर झोपता आणि पहिला उठतो त्याच्याबरोबर उठता. माझे कपडे कपाटात, ते कपाट बेडरूममध्ये, म्हणजे आंघोळीनंतर रोज दार वाजवून कपडे मागायचे. फोनवर बोलायचं तर जिन्यात. फौंड्रीत पाळी असते. रात्रपाळी करून आलेल्या माणसानं दिवसा कुठं झोपायचं, तेही हॉलमध्ये टीव्ही चालू असताना? थोड्या महिन्यांनी मी घरी यायचंच टाळायला लागलो. तालमीच्या कट्ट्यावर बसायचो अकरापर्यंत. बायकोला वाटलं मुलांची पर्वा नाही, मुलांनाही तेच वाटलं.

कळंबारोड ताई, तुमच्या लिहिण्यात एक दिसलं. मुलगी दहावीला. ती रात्री अभ्यास कुठं करते? हॉलमध्येच ना? आणि तुमचे मिस्टर?

कळंबारोड

हो. ती हॉलमध्ये टेबलावर बसते, बारापर्यंत. आजी लवकर झोपतात, त्यांच्या खोलीत दिवा चालत नाही. तो येतो, जेवतो आणि "जरा फिरून येतो" म्हणून जातो. मला वाटायचं, तो मला टाळतोय. तुमचं वाचून काल पहिल्यांदा विचारलं. म्हणाला, पोरगी अभ्यास करतेय, मी तिथं आडवा कसा पडू.

मी आणि मुलगी एका खोलीत, आजी एका खोलीत, तो हॉलमध्ये, अशी आत्ता मांडणी आहे.

हॉलमधला

मग आजी आणि नात एका खोलीत झोपायला, तुम्ही एका खोलीत, तो हॉलमध्ये, असलं करू नका. उलट करा. तुम्ही सासूबाईंच्या खोलीत जा, तो दुसरी खोली घेईल, मुलीचं टेबल आणि झोपणं हॉलमध्ये, दहावीपुरतं. किंवा दर महिन्याला तुम्ही दोघं खोली बदला. कुणीही कायमचं बिनदाराचं राहू नये. एकाच्या गैरसोयीवर ही व्यवस्था उभी राहिली की तो माणूस एक दिवस अचानक निघून जातो, आणि मग ठरवलेलं सगळं कोलमडतं. मी असाच निघालो होतो.

मंगळवारातली

मुलगी हॉलमध्ये नको हो. वयात आलेली पोर आहे, तिला दार पाहिजे. सासू-सून एका खोलीत, मुलगी एका खोलीत, तो हॉलमध्ये पण रात्री दहानंतर हॉल त्याचा, असं करा. कपाट मात्र हॉलमध्ये हलवा त्याचं, आजच्या आज.

हॉलमधला

मान्य. तुमचं बरोबर आहे. कपाटाचं तर शंभर टक्के.

दुधकट्टा

मी अशा घरातला मुलगा. गंगावेशीत वाढलो, आता पुण्यात असतो. आईवडील अनेक वर्षं वेगळे होते आणि आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही.

मला कळायचं सगळं. कळायचं, पण कुणी बोलत नव्हतं म्हणून मला वाटायचं की ते बोलायचं नसतं. मग मी निरोप्या झालो. "बाबांना सांग, जेवण झाकून ठेवलंय." "आईला विचार, लाईट बिल भरलं का." दोघं तीन फुटांवर उभे, मध्ये मी. बाहेर कुणी भेटलं की आम्ही छान कुटुंब. मित्रांना घरी आणायचं मी सातवी-आठवीतच बंद केलं. कारण विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं.

तुमच्या मुलीला सांगा. दोघांनी मिळून, एकाच वेळी, एकाच तोंडानं. परीक्षा झाल्यावर सांगू म्हणाल तर सांगतो, ती आत्ताही त्याच घरात अभ्यास करतेय. तिला काय ठरलंय, कुठं राहायचंय, शाळा-कॉलेज बदलणार का, एवढं कळलं तर तिचं डोकं मोकळं होईल.

फळा_खडू

शिक्षिका आहे, दहावीचे वर्ग घेते, म्हणून थोडं वेगळं मत. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड. सांगायचंच तर आत्ता, पावसाळ्यात सांगा. सराव परीक्षा सुरू झाल्यावर नको. आत्ता कळलं तर रडेल, चिडेल, दोन महिन्यांत सावरेल. जानेवारीत कळलं तर सावरायला वेळ नाही. आणि वर्गशिक्षिकेला दोन ओळींत कल्पना द्या, आम्ही गावभर करत नाही.

दुधकट्टा

हे पटलं.

जुनी_शाहूपुरी

माझं वय झालंय, तरी या धाग्यावर लिहायचं धाडस करतो. आमच्या पिढीत अशी घरं भरपूर होती. नाव नव्हतं त्याला. तो माडीवर, ती माजघरात, आणि गौरी-गणपतीला दोघं शेजारी पाटावर. लोकांना वाटतं कोल्हापूर जुन्या वळणाचं. पण १९१९ च्या आसपास याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता आणि काडीमोडीलाही कायद्यात आणलं होतं. हिंदू विवाह कायदा आला १९५५ ला. म्हणजे या गावाला हा विषय नवा नाही, आपणच मध्ये तो विसरलो.

सणांचं सांगतो, ते कुणी बोललेलं नाही. जोडीनं पूजेला बसणं हा सगळ्यात अवघड प्रसंग असतो. सत्यनारायण, घटस्थापना, वास्तुशांत. भटजी हातात हात द्यायला सांगतात, बायकोनं नवऱ्याच्या हाताला हात लावायचा असतो. ते करायचं नसेल तर आधीच ठरवा की यंदा पूजा भावाच्या घरी, किंवा सासूबाईंच्या हातून. देवाला चालतं. लग्नाच्या आहेरावर दोघांची नावं घालायची की नाही, हेही आधी ठरवा, नाहीतर मांडवात पाकिटावरून वाद होतो. पाहिलाय मी.

तिखट_कट

काका, आहेराचं पाकीट लई भारी सांगितलंत. आमच्यात एकाच घरातनं दोन पाकिटं आलीत एकदा. सगळ्या भावकीला तिथंच कळालं.

कर्जखाते

बँकेत आहे, घरकर्ज बघतो. ताई पतसंस्थेत आहेत म्हणजे त्यांना निम्मं माहीत असणार, पण दुसऱ्या वाचणाऱ्यांसाठी लिहितो.

दोघं सहकर्जदार म्हणजे दोघंही पूर्ण कर्जाला जबाबदार, निम्म्या निम्म्याला नव्हे. न्यायालयात काहीही ठरलं तरी बँक त्या समझोत्यात पक्षकार नसते. नवरा हप्ता भरेल असं कागदावर लिहिलं आणि त्यानं भरला नाही, तर नोटीस दोघांना आणि सिबिल दोघांचं खराब. त्यामुळं फ्लॅट एकाकडं जाणार असेल तर त्या एकाच्या पगारावर कर्ज बसतं का हे आधी बँकेत विचारा. बसत नसेल तर विकून फेडणं हाच मार्ग, मग त्याची तयारी आत्तापासून.

आणखी एक, जे लोक घटस्फोट झाल्यावर विचारायला येतात. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्यानं बायकोला किंवा बायकोनं नवऱ्याला बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नोंदणी आणि बाकीचे आकार वेगळे. पण हे नवरा-बायको असेपर्यंत. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की ते नातं संपतं आणि ही सवलतही. कर्ज चालू असेल तर बँकेची परवानगी घेऊनच करा, आणि सही करण्याआधी वकिलाला दाखवा, कारण बक्षीस एकदा दिलं की सहज परत घेता येत नाही.

काळाकोट

कर्जखाते यांचं बरोबर. बक्षीसपत्र कधी करायचं याचा क्रम संमतीपत्रात लिहून घ्या. आधी घर दिलं आणि नंतर समोरच्यानं संमती काढून घेतली, असं व्हायला नको.

जोडून एक. घटस्फोट होईपर्यंत तुम्ही एकमेकांचे कायदेशीर वारस आहात. वेगळ्या खोल्यांनी त्यात फरक पडत नाही. उद्या एकाचं काही बरंवाईट झालं तर १९५६ च्या वारसा कायद्यानं दुसरा पहिल्या वारसांत येतो. ते नको असेल तर मृत्युपत्र करा. विमा, भविष्यनिर्वाह निधी, बँकखाती यांचे नॉमिनी कोण आहेत तेही एकदा बघा. नॉमिनी म्हणजे सहसा मालक नव्हे, पण पैसा आधी त्याच्या हातात जातो. मेडिक्लेममधून मात्र एकमेकांना आत्ता काढू नका.

रंकाळ्याचा_कठडा

वकील परवडत नसेल तर? ताईंचा प्रश्न नाही, माझ्या बहिणीचा आहे.

काळाकोट

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, जिल्हा न्यायालयात. १९८७ च्या कायद्याप्रमाणं बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशकही असतात, तिथं जायचं म्हणून घाबरू नका. आणि वाद वाढून अपिलाची वेळ आलीच तर ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरातच बसतं. मुंबईच्या चकरा वाचल्या.

कळंबारोड

सगळ्यांचे आभार. थोडी बातमी देते.

हा धागा त्यालाही वाचायला दिला. आयडी बघून म्हणाला, एवढं पण लपवायचं काय होतं. रविवारी बसून एक कागद केला. नोटरी वगैरे नाही, आमच्यापुरता. त्यात तारीख आहे, ज्या दिवशी ठरवलं ती, दोघांनाही तीच आठवत होती. सकाळचा स्वयंपाक माझा, रात्रीचा त्याचा. पाळी असेल तेव्हा बदली. हप्ता निम्मा निम्मा, क्लासची फी त्याची, औषधं माझ्याकडं कारण सासूबाईंच्या गोळ्या मलाच माहीत आहेत. कपाट हॉलमध्ये आलं. मी सासूबाईंच्या खोलीत गेले, मुलीला खोली मिळाली. दहानंतर हॉल त्याचा. नवरात्रात घट सासूबाईच बसवतील, आम्ही जोडीनं बसणार नाही. आहेर यंदा सासूबाईंच्या नावानं.

मुलीला दोघांनी मिळून सांगितलं. ती म्हणाली, "मग माझी खोली परीक्षेनंतर पण माझीच राहणार का?" बाकी काही विचारलं नाही त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी बरंच विचारलं.

सासूबाईंना सांगायचं काम त्याचं होतं. तो अर्धा तास घुटमळला. त्या म्हणाल्या, "हॉलमध्ये वारं येत नाही ते मला पण माहितीय." मग माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारलं की डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात कोण नेणार. हे आम्ही कागदात लिहिलंच नव्हतं.

मंगळवारातली

ते लिहा. आजारपण, दवाखाना, रात्री सोबत कोण. आमच्यात सगळ्यात मोठं भांडण त्यावरूनच झालं होतं. सून म्हणून तुम्ही करणार की नाही, आणि करणार तर कुठवर. प्रेमानं कराल ते करा, पण गृहीत धरू देऊ नका.

काळाकोट

कागद चांगला झालाय. फक्त शेवट कधी, ते दिसलं नाही. "परीक्षा झाल्यावर" असं लिहिलं असेल तर खोडून तारीख टाका. परीक्षा झाली की निकाल येतो, निकालानंतर अकरावीचा प्रवेश, मग गणपती. अशी घरं मी पाच-सहा वर्षं लांबलेली पाहिलीत, आणि तेवढ्यात दोघांपैकी एकाच्या आयुष्यात कुणीतरी येतं आणि संमतीचं प्रकरण वादाचं होतं.

कळंबारोड

तारीखच नाहीये, बरोबर ओळखलंत. मी ३१ मे म्हणतेय. त्याला ऑगस्ट हवाय, तोवर त्याची भिशी लागेल आणि डिपॉझिटचं जमेल. मी म्हटलं डिपॉझिटचे पैसे मी संस्थेतून उचलते, तू मला फेड. ते त्याला नकोय, माझं देणं डोक्यावर नको म्हणतो. दवाखान्याचं आणि हे, दोन्हीवर येत्या रविवारी बसतोय.

हॉलमधला

भिशी बोलून अर्धी आधी मिळते का ते विचारा त्याला. शिरोलीत बहुतेक देतात समजून घेऊन.